वच्छीला सोडायला अणदूरला

प्रवासाचं लिहायचं तर माणसाने निदान बद्रीकेदार तरी गाठावं, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी गेले तुळजापूरहून अणदूरला. दहा कोस मोटारीने आणि दीड कोस बैलगाडीने. तरी लिहायला बसले आहे. आमच्या शेजारच्या काकू काशी करून आल्या आणि तिथे वांगी महाग आहेत एवढंच चार महिने सांगत राहिल्या. तेव्हा किती लांब गेलं यावर काही नसतं. मी पाच दिवस घराबाहेर होते आणि त्या पाच दिवसांचं सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ आहे.

बरोबर माझी मुलगी होती. वत्सला, घरातली वच्छी, वय आठ. वच्छी बोलते, पण आपल्यासारखी नाही. आपण विचारलेला प्रश्न ती आपल्यालाच परत देते. भूक लागली की ‘वच्छीला भूक लागली का?’ असं माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात मला विचारते. डोळ्याला डोळा देत नाही. पितळी डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवून त्याच्याकडे तासन्‌तास बघते. संबळ, शंख, घंटा यातलं काही वाजलं की कानांवर हात घेऊन किंचाळते. आणि तुळजापुरात राहून या तीन गोष्टी टाळायच्या म्हणजे विहिरीत राहून कोरडं राहायचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी कान, घसा, डोळे सगळं तपासलं. सगळं ठीक आहे म्हणाले आणि पुढे काय म्हणावं ते त्यांना सुचेना. गंडे झाले, अंगारे झाले, एका हकिमांचं कडू चाटण झालं. ते तिने त्यांच्याच शेरवानीवर थुंकलं. तिच्या या असण्याला काय म्हणतात, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमचं घर देवीच्या उपाध्यांचं. थोरले भाऊजी यात्रेकरूंचं बघतात, आमचे ‘हे’ तहसील कचेरीत कारकून, आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. माहेर बार्शीचं. मला इकडे दिली तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि ‘पोर मोगलाईत गेली’ म्हणून माझी आजी तीन दिवस जेवली नव्हती. राज्य गेलं, मोगलाई गेली, पोर राहिली.

आता निघण्याचं कारण सांगते. पौषात सोयरिकीची बोलणी करत नाहीत. म्हणून थांबलेली एक मंडळी माघ लागताच भाऊजींच्या कमळीला बघायला येणार होती. त्याआधी वच्छी घरात नको, असं ठरलं. भाऊजी माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी धाकटी भावजय, म्हणून ते पडवीतल्या खांबाशी बोलतात आणि मी ते ऐकते. ते खांबाला म्हणाले, “अणदूरला गोदीकडे नेऊन सोडावी. तिला मूलबाळ नाही, घर ऐसपैस आहे, गाव शांत आहे. कायमची ठेवून घ्यायला तयार आहे ती. जाताना तिथल्या खंडोबाला पोरीच्या नावाने भंडारा वाहावा.”

गोदी म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, गोदावन्सं. कमळी आत रडत होती. तिला वच्छी आवडते. हे खाली मान घालून बसले. आणि मी? मी बरं म्हणाले. खरं सांगते, त्या क्षणी मला राग आला नाही, हायसं वाटलं. आठ वर्षांत मी एक रात्र सलग झोपले नव्हते. हे लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

नळदुर्ग

मोटारीत वच्छीला खिडकीच लागते. खिडकीत आधीच एक पागोटेवाले बसले होते. त्यांच्याशी हुज्जत घालायची मी तयारी केली होती, पण वच्छी त्यांच्या आणि खिडकीच्या मधल्या चार बोटांच्या जागेत अशी काही घुसली की ते आपणहून उठले. “बसा बाई, बसा, तुमचीच मोटार हाय,” म्हणाले.

पुढचा प्रश्न घंटीचा. कंडक्टरने दोरी ओढली, टिंग झालं, आणि वच्छीने अशी किंकाळी फोडली की ड्रायव्हरने गाडीच थांबवली. मी कंडक्टरला सांगितलं की हिला घंटी सहन होत नाही. का, कसं, असलं काही न विचारता त्याने दोरी सोडून दिली, आणि नळदुर्ग येईपर्यंत दर थांब्याला ड्रायव्हरला तोंडानेच “चला!” म्हणून ओरडून सांगत गेला. चौथ्या थांब्यापासून वच्छीही म्हणायला लागली. मग तो नुसता तिच्याकडे बघायचा आणि ती म्हणायची, “चला!” ड्रायव्हर म्हणाला, आज माझ्या गाडीत दोन कंडक्टर हैत. आठ वर्षांत हजार शहाण्यांचे सल्ले ऐकले, पण न मागता एवढं सोपं काम करणारा माणूस मला त्या मोटारीतच भेटला.

बाहेर ज्वारी कंबरेच्या वर आली होती. करडईला काटे धरले होते, हरभरा घाट्यांनी भरला होता. पौषातलं ऊन असं असतं की सावलीत थंडी वाजते आणि उन्हात घाम येतो. आमच्या बार्शीलाही पिकं हीच, पण इथली माती अधिक काळी आणि दगडही अधिक.

नळदुर्गला उतरलो आणि माझा सगळा तोरा उतरला. एवढी माणसं! बैलगाड्या, घोडी, वाघ्ये, मुरळ्या, डिमड्यांची थाप, घोळांची किणकिण, पिवळ्या भंडाऱ्याने माखलेली डोकी. बाजाराचा दिवस असेल, असं मी समजले. वच्छीने कानांवर हात घेतले, किंचाळली, आणि उभ्या जागी गरगर फिरायला लागली. लोक मागे सरकले, गोल रिंगण झालं. मला वाटलं, नेहमीसारखे हसतील, नाहीतर मला दोष देतील. पण एक म्हातारी पुढे आली, तिने वच्छीच्या पायाशी भंडारा टाकला आणि हात जोडले.

“देवा, माज्या सुनंची कूस औंदा उजवंल का रं?”

वच्छी फिरता फिरता म्हणाली, “औंदा उजवंल का रं? औंदा उजवंल!”

म्हातारीने तिथेच धुळीत कपाळ टेकलं. लगेच दुसरा एक जण पुढे आला, त्याला बैल हरवल्याचं विचारायचं होतं. तिसरी बाई पोराला पुढे ढकलत होती. मी मास्तरीण आहे, असल्या गोष्टींवर शाळेत ताशेरे ओढते. पण त्या वेळी मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. आमच्या गल्लीत हिच्या पायगुणाबद्दल बायका कुजबुजतात आणि इथे हिच्या पायावर डोकी टेकत होती. मी पोरीला दोन्ही हातांनी कवटाळून उचललं आणि “देवाला आता जाऊ द्या हो!” म्हणत वाट काढली. त्या म्हातारीची सून खरंच बाळंत झाली, तर पुढच्या पौषात लोक आम्हाला नळदुर्गातून हलू देणार नाहीत.

उलटी गाडी

गावाबाहेर एका धनगराची रिकामी गाडी मिळाली. नाव बिराप्पा. वय साठीचं, खांद्यावर काळं घोंगडं.

“अणदूरला नेता का, बाबा?”

“नेतो की. कुनाकडं?”

मी गोदावन्संच्या घराचं नाव सांगितलं. “मंग बसा,” म्हणाला.

रस्ताभर मला एकच नवल वाटत होतं. सगळं जग समोरून येत होतं आणि आमची एकच गाडी उलटी चालली होती. समोरून येणारे बिराप्पाला हटकत होते, तो हसून हात हलवत होता. अणदूरच्या खंडोबाचं दर्शन उरकून ही माणसं नळदुर्गच्या बाजाराला निघाली आहेत, असं मी मनाशी पक्कं ठरवलं. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं. विचारायला लाज वाटते, म्हणून तो अनुमान काढतो.

गाडी देवळाशी थांबवून घेतली. देऊळ रिकामं. एक म्हातारे पुजारी पायरीवर उन्हात पाय पसरून हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. गाभाऱ्यात दिवा होता. देव नव्हता.

“देव कुठं आहे?” मी विचारलं. असा प्रश्न आयुष्यात कुणाला विचारावा लागेल असं वाटलं नव्हतं.

“नळदुर्गाला.” म्हाताऱ्याने घाटा तोंडात टाकला. “उद्या पुनव. यात्रा हाय तिथं. तुमी कुटून आलाव?”

“नळदुर्गाहून.”

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. बिराप्पाही गाडीवरून हसत होता. “मला वाटलं पाव्हन्याकडं आल्यात,” म्हणाला. “देवाकडं आल्यात असं म्हनल्या न्हाईत.”

मग म्हाताऱ्याने माझं मूळ गाव विचारून घेतलं आणि मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. देव एकच, देवळं दोन. वर्षातले दोनएक महिने देव नळदुर्गाला राहतो, बाकीचे अणदूरला. न्यायच्या वेळी दोन्ही गावचे मानकरी बसून लिहून करार करतात, की अमुक दिवशी नेतो आणि अमुक दिवशी परत देतो.

“अन् तुमाला ठावं न्हाय? तुळजापूरच्या ना तुमी?”

मला तोंड कुठे लपवू असं झालं. आमच्या देवीची निद्रा कधी, नवरात्र कधी, तिचा निजायचा पलंग कधी येतो, हे आमच्या घरातलं शेंबडं पोर झोपेत सांगेल. पण दहा कोसांवरचा देव पौषात घरी नसतो, हे पिढीजात उपाध्यांच्या घरात एकालाही ठाऊक नव्हतं. भाऊजी खांबाला सांगत होते, मी ऐकत होते, आणि खांबालाही काही बोलता आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

“मग आता भंडारा?” मी विचारलं.

“उंबऱ्याला वाहा की. आला म्हंजे सांगतो त्याला.”

या सगळ्यात वच्छी कुठे आहे ते मी विसरले होते. ती गाभाऱ्यासमोर गार दगडी फरशीवर गाल टेकून पालथी पडली होती. ना घंटा, ना गर्दी, ना धूप. थोड्या वेळाने ती म्हणाली, “चला!” आणि गाभारा म्हणाला, “चला!” वच्छीने मान उचलली. “वच्छीला भूक लागली का?” गाभाऱ्याने तिला तेच विचारलं. ती हसली. मी किती दिवसांनी तिला हसताना पाहत होते ते मला आठवेना. तिच्यासारखंच बोलणारं कुणीतरी तिला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. मी तिला अर्धा तास तिथून उठवली नाही, आणि म्हाताऱ्याने सोललेले घाटे माझ्यापुढे सरकवले.

उरलेल्या वाटेवर माझं मन भलतंच खंबीर झालं होतं. प्रत्यक्ष देव करार करून दोन गावांत राहतो, तर माझी मुलगी आत्याकडे का नाही राहणार? मी मनातल्या मनात हे वाक्य तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा मला ते पटलं.

हुरडा

गोदावन्सं हाडापेराने थोर आणि आवाजाने त्याहून थोर. “आली गं बाय माझी!” असं त्या दारातून ओरडल्या आणि वच्छी गाडीखाली जाऊन बसली. मी आवाजाचं सांगितल्यावर मात्र त्या दिवसापासून वन्सं कुजबुजत बोलू लागल्या. त्या नवऱ्याशीही कुजबुजत, गड्यालाही कुजबुजून हाक मारत. गड्याला वाटलं, घरात कुणी आजारी आहे.

दुसऱ्या दिवशी शेतात हुरडा होता. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, तिच्या निखाऱ्यांत कोवळी कणसं खुपसलेली. वन्संचे यजमान, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, भाजलेलं कणीस तळहातांत असं चोळत की हिरवे दाणे खाली आणि कोंडा वाऱ्यावर. बरोबर लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही. आमच्याकडेही हुरडा खातात, पण चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी यायला पाहिजे हा हट्ट इकडचाच.

वच्छी तीन वर्षं दहीभाकरीशिवाय काही खात नव्हती. अण्णांनी तिच्यापुढे पानावर मूठभर दाणे ठेवले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. मी म्हटलं, ती खाणार नाही. ते म्हणाले, “नको खाऊ दे. बघंल तर खरं.” तिने दाणे ओळीने मांडले. मग एक उचलून जिभेवर ठेवला. मग दुसरा. एकेक करत तिने पान संपवलं आणि आगटीकडे बघत म्हणाली, “बघंल तर खरं.” अण्णांनी न हसता दुसरं कणीस चोळलं. मी चटणीचं निमित्त करून डोळे पुसले.

पोर इथे सुखात राहील, असं त्या संध्याकाळी माझी खात्रीच झाली. मी अंथरुणाला पाठ टेकली ती सकाळी उन्हं आल्यावरच उठले. वच्छी वन्संच्या शेजारी झोपली होती. मी जवळजवळ मोकळी झाले होते.

चौथ्या दिवशी मी गावची शाळा बघायला गेले. शाळा कशी, तर पडवीत पन्नास मुलं आणि एक गुरुजी; मुली तीन. मी गुरुजींना दोन शब्द सुनावले आणि परत आले, तर ओसरीवर वच्छी खांबाला बांधलेली. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी, एक टोक खांबाला, एक तिच्या कमरेला. खाली गोधडी घातलेली, जवळ पाण्याचा तांब्या. तिचं झाकण भिरभिर फिरत होतं. वन्सं आत भाकरी थापत होत्या.

मी काही बोलायच्या आत त्याच बाहेर आल्या. “रागवू नका, वहिनी. विहीर उघडी हाय. सकाळपासून दोनदा काठावर गेली ती. मी एकटी बाई. तिच्यामागं पळू का चूल बघू?”

मी पट्टीची गाठ सोडायला वाकले. आमच्या घरी यात्रेकरू उतरले, संबळ वाजला, पाहुणे आले, आणि वच्छी किंचाळायला लागली की आम्ही तिला कोठीच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावतो. मी स्वतः लावते. वन्संनी निदान गोधडी घातली होती.

यादी

आमच्या ह्यांची एक शिकवण आहे. कचेरीत एकाने जागा सोडली आणि दुसरा आला की चार्ज द्यायचा, आणि चार्ज द्यायचा तर यादी करून द्यायची. कपाटं किती, दौती किती, कुठल्या कपाटाची किल्ली अडकते. निजामाच्या वेळी ही यादी उर्दूत व्हायची, आता मराठीत होते. यादीशिवाय चार्ज दिला असं मात्र कधी झालं नाही. उद्या निघायचं म्हणून मीही एक कोरी वही घेतली आणि वन्संना वच्छीचा चार्ज द्यायला बसले. वन्सं तूर निवडत होत्या, मी वाचून दाखवत लिहीत होते.

‘वच्छीला भूक लागली का’ म्हणजे भूक लागली आहे. झाकण सावकाश फिरत असेल तर बरी आहे; जोरात फिरायला लागलं तर माणसं जास्त झाली, बाहेर न्यावी. भिंतीला कपाळ टेकवलं तर डोकं दुखतं. तेल लावावं, पण आधी बाटली दाखवावी. नवीन परकर दोन दिवस उशाशी ठेवावा, मग घालते. हात धरू नये, झटकते. पदराचं टोक पुढे करावं, ते धरून कुठेही येते. बेचा पाढा म्हणत असेल तर खुशीत आहे. पाचाचा म्हणत असेल तर झोप आली आहे.

लिहिता लिहिता बारा पानं झाली. मी पेन ठेवून वहीकडे बघत राहिले. आठ वर्षं मी साऱ्या जगाला सांगत आले की माझी मुलगी बोलत नाही. मग ही बारा पानं मला कुणी सांगितली होती? शाळेत चाळीस मुली आहेत. त्यांच्यातल्या एकीबद्दलही मी पान-दीड पानापलीकडे लिहू शकले नसते. मला एकदम गर्व वाटला, आणि तो मी झाकणार नाही. एवढी कठीण भाषा मी कुणाच्या मदतीशिवाय शिकले होते.

वन्सं म्हणाल्या, “लई चांगलं केलं. आता एक सांगा. भ्याली म्हंजे काय करती?”

“ओरडते की. तुम्ही पाहिलंतच.”

“ते व्हय. वरडून वरडून थकती, त्याच्यानंतर? तेव्हा आपन काय करायचं?”

“काही नाही. आपोआप थांबते. आम्ही आत ठेवतो, कडी लावतो. घटकाभराने गप्प होते.”

“ते घटकाभर काय करती?”

मी पेन उचललं. तेरावं पान समोर होतं. वर ‘भ्याली तर’ एवढं लिहिलं आणि पुढे माझ्याजवळ काही नव्हतं. कडी बाहेरून लावलेली असते. मी बाहेर असते, पोहे करत, यात्रेकरूंची पानं वाढत. आतून आवाज बंद झाला की मला बरं वाटतं. आत काय होतं ते मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. तिची सगळी भाषा मला येत होती, आणि जिथे तिला माझी सर्वांत जास्त गरज होती तिथलं एक अक्षर येत नव्हतं.

वन्सं सुपातून वर बघत होत्या. त्यांनी कुजबुजतच विचारलं, “काय झालं, वहिनी?”

“यादी अपुरी आहे,” मी म्हटलं. “अपुऱ्या यादीवर चार्ज देत नाहीत. मी तिला परत नेते.”

वन्संच्या हातातलं सूप खाली गेलं. आपण या बाईवर काय अन्याय करतो आहोत ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी वच्छीसाठी दोन परकर शिवून ठेवले होते. पेटीवर घडी घातलेले होते, मी पाहिले होते. “मग मला आस कशाला लावली?” त्या म्हणाल्या, आणि दारातल्या त्या पहिल्या हाकेनंतर प्रथमच त्यांचा आवाज चढला. वच्छीने कान झाकले. वन्संनी लगेच स्वतःच्या तोंडावर पदर धरला आणि पदरातच रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. माझी चूक होती. ती मी तिथे कबूल केली आणि इथेही करते.

जेवणं झाल्यावर अण्णा म्हणाले, “देव दोन महिने तिकडं जातो तरी अनदूरचाच ऱ्हातो. दर हुरड्याला तुमी दोघी या. दोघी. एकटी न्हाय.”

“लिवून द्या,” वन्सं म्हणाल्या.

मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि सही केली. अण्णांनी साक्षीदार म्हणून सही केली, पान फाडून वन्संना दिलं आणि दुसऱ्या दिवशी गड्याला विहिरीभोवती काट्यांचं कुंपण घालायला सांगितलं.

परत

पाचव्या दिवशी उतरत्या उन्हात आम्ही तुळजापूरला घरी पोचलो. येताना कंडक्टर दुसरा होता, घंटी वाजवणारा; त्या प्रवासाचं वर्णन न केलेलंच बरं.

भाऊजी पडवीत होते. वच्छीला बघून त्यांनी खांबाला विचारलं, “परत आणली?”

मला राग येईल असं वाटलं होतं, पण तो आला नाही. मीही खांबालाच सांगितलं, “खांबा, आणली. ती आता इथेच राहील. आणि पौषात अणदूरला देव नसतो, हेही कुणाला तरी सांग.” आत कमळी मोठ्याने हसली. भाऊजी उठून स्नानाला गेले. त्यांची ही अवेळी स्नानाला जायची सवय मला ठाऊक आहे. वाद हरले की ते स्नान करतात.

कोठीच्या खोलीची बाहेरची कडी ह्यांनीच त्या दिवशी पकडीने उपटून काढली. मी सांगितलं नव्हतं. मी वही त्यांच्या हातात दिली होती, आणि त्यांनी तेरावं पान पाहिलं होतं.

माघात मंडळी आली. सातजण, त्यांत दोन दंगेखोर मुलं. पितळी तबक दणदिशी पडलं आणि वच्छीने किंकाळी फोडली. मुलाच्या आईने विचारलं, “कोण हो ती?” जावेने हातातल्या परातीकडे पाहिलं, भाऊजींनी खांबाकडे. कमळी खाली मान घालून बसलेली होती, तिने मान वर केली आणि म्हणाली, “माझी बहीण आहे. तिला आवाज सहन होत नाही.” त्यांचा होकार आठ दिवसांनी आला. नकार आला असता तरी मी हे असंच लिहिलं असतं.

मी मात्र तेव्हा बैठकीत नव्हते. कमळीचं उत्तर मला नंतर कळलं. किंकाळी ऐकताच मी पोह्यांची परात जावेच्या हातात दिली होती आणि वच्छीबरोबर कोठीच्या खोलीत शिरून दार आतून लोटून घेतलं होतं.

ती कणगीमागच्या कोपऱ्यात गेली. ओरडत होती. मी जवळ गेले नाही, दाराशीच भिंतीला टेकून बसले. हळूहळू ओरडणं कमी झालं. तिने डोळे घट्ट मिटले, डावा हात कानावर तसाच ठेवला, आणि उजवा हात सोडून पुढे केला. तळवा वर, बोटं उघडी, समोरच्या रिकाम्या जागेकडे. ती तो मागे घेत नव्हती. मी इथे आहे याचं तिला भान नव्हतं. दर वेळी ती असाच हात पुढे करत असणार आणि थकली की मिटून घेत असणार. आम्ही बाहेर म्हणत होतो, झाली गप्प.

मी गुडघ्यांवर सरकत गेले आणि माझा हात तिच्या हातात ठेवला. तिने झटकला नाही. इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या.

पाहुणे गेल्यावर मी वही काढली आणि तेरावं पान पुरं केलं: भ्याली तर उजवा हात पुढे करते. तो धरावा.